बी विंगचा जिना

तुम्ही खोटं बोललात, साहेब.

एसीच्या खोलीत, गार पाण्याच्या बाटल्या पुढ्यात मांडून, अगदी शांतपणे खोटं बोललात. वासुदेव निखाडे त्या दुपारी कामावर नव्हताच, असं म्हणालात. डिलिव्हरी झाली होती, काम संपलं होतं. मग तो आपल्या मर्जीने जिन्यात जाऊन उन्हात झोपला, बहुतेक काहीतरी घेऊन झोपला, आता त्याला कंपनी काय करणार? मी दाराशी उभी होते. मला आत यायचं होतं. तुमच्या माणसाने सांगितलं, ताई, बोलवलेल्यांत तुमचं नाव नाही. नव्हतंच. निखाडे भाऊंना त्या जिन्यातून उचलून खाली आणणाऱ्यांत मात्र मी होते.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तेव्हा ऐकलं नाहीत, आता ऐका.

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरचा मे तुम्हाला सांगून कळणार नाही. तुम्ही इथे डिसेंबरात येता आणि संत्र्याची बर्फी घेऊन परत जाता. मनीषनगरात एका मास्तरीणबाईंच्या घरी मी मिक्सरचं खोकं दिलं होतं. बाईंनी न मागता माझी बाटली माठातल्या पाण्याने भरून दिली. असेही लोक असतात. साखळीएवढं दार उघडून फटीतून नुसता हात बाहेर काढणारेही असतात. पार्सल आत, दार बंद, हाताचा मालक कसा दिसतो ते आपल्याला कळतही नाही. मी गाडीवर बसून तोंडाचा दुपट्टा सोडला, पाणी प्यायले, तेवढ्यात हबमधून बोरकुटे सरांचा फोन आला. बोरकुटे म्हणजे आमच्या हबचे, जिथून आम्ही वाटायची पार्सलं उचलतो त्या गोदामाचे, इनचार्ज.

"उज्ज्वला, कुठं आहेस?"

"उन्हात."

"मस्करी नको करू. एमराल्ड पार्क जवळ आहे ना तुला तिथून?"

"जवळच आहे. काहून?"

"निखाडेनं लोचा केला. कस्टमरकडून ओटीपी घेतला, डिलिव्हर मारलं अन् माल घेऊन पळाला."

मी विचारलं, "माल काय होता?"

"डंबेल."

"काय?"

"व्यायामाचे डंबेल. अख्खा सेट. वीस किलोचा."

मला हसू आलं. "सर, वीस किलो लोखंड घेऊन या उन्हात कोण पळते? चोरायचंच असतं तर सकाळी त्यांच्या बॅगेत तीन मोबाइल होते, ते नसते का नेले?"

"ते मला कायले विचारते? वरून फोनावर फोन येऊन राहिले. पार्सल कुठे, पार्सल कुठे. कस्टमरनं कंप्लेंट टाकली, त्याची आयडी ब्लॉक झाली. तू जा अन् पार्सल घेऊन ये, म्हणजे मिटलं."

"भाऊ फोन उचलत नाहीत?"

"नाही."

"आणि लोकेशन कुठलं दाखवते?"

"बिल्डिंगमध्येच दाखवून राहिलं. ठिपका केव्हाचा तिथंच आहे. वरचे म्हणतात, फोन तिथं टाकून पळाला असन."

मी गाडीला किक मारली.

निखाडे भाऊ कोण होते ते सांगते, कारण तुमच्या त्या खोलीत त्यांच्याबद्दल कोणी एक वाक्य बोललं नाही. आमच्यात येण्याआधी त्यांनी बरीच वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली. त्यामुळे सवय अशी, की पार्सल हातात घेताना मुलाला उतरवून घ्यावं तसं घ्यायचे, खालून हात लावून. आम्ही त्यांची टर उडवायचो. "भाऊ, याच्या आईची सही घेतली का?" असं म्हणायचो. ते म्हणायचे, "हसा बे. फुटलं तर तुमच्याच पगारातून जाते." नागपुरात तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा डिलिव्हरीवाला शोधून सापडत नाही, तो आमच्याकडे हा एकच होता. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसत. खिशात एक कांदा असे, ऊन लागू नये म्हणून. आणि गाडीच्या सीटवर गोणपाटाचा बारदाना. गाडी लावली की बाटलीतलं थोडं पाणी त्या बारदान्यावर शिंपडायचे आणि मग वर जायचे. परत येईपर्यंत सीट गार राहते. "चटका बसला की माणूस चिडते," म्हणायचे, "अन् चिडलेल्या माणसाचं पुढचं कस्टमर बिघडते."

मी एमराल्ड पार्कला पोचले तेव्हा पहिल्यांदा तो बारदानाच दिसला.

गेटच्या बाहेर कडुनिंबाखाली त्यांची गाडी उभी होती. मागे बॅग तशीच बांधलेली, आत बाकीची पार्सलं. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मी बारदान्यावर हात ठेवला. वाळून पापडासारखा कडक झाला होता.

गेटवर लांजेवार नावाचे वॉचमन होते. साठीचे असावेत. खुर्चीवर ओला पंचा डोक्याला गुंडाळून बसले होते.

"काका, हा गाडीवाला कुठं गेला?"

"कोण, निखाडे? वर गेला होता, बी विंगला. आला असन खाली अन् गेला असन."

"गाडी ठेवून?"

काकांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. "अरे हो," म्हणाले. "मले वाटलं दुसरी कोणाची हाय."

"लिफ्टनं गेले होते का?"

"कायची लिफ्ट? सर्व्हिस लिफ्ट दोन ते चार बंद असते."

हे तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. एमराल्ड पार्कमध्ये दोन लिफ्ट. मोठी आरशाची लिफ्ट राहणाऱ्यांची, ती त्यांच्या कार्डाने उघडते. दुसरी सर्व्हिस लिफ्ट. तिच्यावर पाटी होती: कामवाल्या बाया, डिलिव्हरीवाले आणि पाळीव प्राणी यांच्यासाठी. उन्हाळ्यात दुपारी ती बंद ठेवत. का? तर तिची मोटर तापते. मोटरला दोन तास विश्रांती.

"म्हणजे जिन्यानं?" मी विचारलं. "वीस किलो घेऊन अकराव्या माळ्यावर?"

"मी म्हटलं त्याले, चारनंतर ये. तर म्हणे, काका, उशीर झाला की फोन बोंबलते. इथंच उभा राहून साहेबाले फोन लावला, ओटीपी घेतला अन् खांद्यावर खोकं टाकून गेला."

हा ओटीपीही समजून घ्या, कारण तुमचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. पार्सल हातात दिल्यावर कस्टमर आकडा सांगतो, तो आम्ही फोनमध्ये टाकतो, मग डिलिव्हरी झाली असं दिसतं. असा नियम. पण एमराल्ड पार्कच्या बी विंगमध्ये वर रेंज नावालाच. दारात उभं राहून आकडा टाकला तर ते चाक फिरतच राहतं, कस्टमर तोंड वाकडं करतो आणि वेळ संपली म्हणून इकडे आमच्या नावावर लाल खूण. म्हणून आम्ही सगळेच गेटवरून फोन करायचो, आकडा आधीच घ्यायचो, खालीच डिलिव्हर मारायचो आणि मग वर चढायचो. चूक होती? होती. हबमध्ये कोणाला माहीत नव्हती? बोरकुटे सरांनीच सांगितलं होतं, "रेंज नसलेल्या ठिकाणी खालीच मारत जा, माझा आकडा खराब नको करू."

म्हणजे तुमच्या पडद्यावर निखाडे भाऊ मोकळे झाले, तेव्हा त्यांनी पहिली पायरीही चढली नव्हती.

मी लांजेवार काकांना म्हटलं, "चला, जिना दाखवा."

ते उठेचनात. हातातल्या फोनकडे पाहत म्हणाले, "एक मिनिट. हे पाह्य ना बाई. केव्हापासून सेक्रेटरी साहेबाचा मेसेज येऊन राहिला. जिन्यात कोणी डिलिव्हरीवाला झोपला हाय, त्याले हाकला म्हणते. अन् कोणत्या विंगचा जिना ते लिहीतच नाही. मी एकटा माणूस, गेट सोडून तिन्ही विंग चढू का?"

मी त्यांच्या हातातला फोन ओढलाच. सेक्रेटरीने सोसायटीच्या ग्रुपवरचा फोटो पुढे पाठवला होता. जिन्याची खिडकी, फरशीवर पडलेलं कडक ऊन, आणि त्या उन्हात एक माणूस खोक्यावर डोकं ठेवून कुशीवर पडलेला. तोंड दिसत नव्हतं. एक पाय पायरीवर लोंबत होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं: हे लोक आता आपल्या जिन्यात झोपायला लागले, सिक्युरिटी काय करते? त्यावर अंगठे आले होते. एकाने लिहिलं होतं, आपण मेंटेनन्स यासाठीच भरतो का? एकाने नुसतं हसणारं तोंड टाकलं होतं.

"हे भाऊ आहेत," मी म्हटलं.

लांजेवार काकांनी गेट उघडं टाकलं आणि माझ्याआधी पळाले.

चढता चढता मी हाका मारत होते. जिन्यात सगळ्या इमारतीचं ऊन साठलं होतं, भिंतीला हात लावला तर तवा. काका चौथ्या माळ्यावर छातीला हात लावून बसले, "तू जा, तू जा," म्हणाले. मी गेले. नवव्या आणि दहाव्याच्या मधे कांद्याचा वास आला. खिशातला कांदा पडताना अंगाखाली चिरडला होता.

भाऊ फोटोत होते तसेच होते. डोळे अर्धे उघडे. मी म्हटलं, "भाऊ, मी उज्ज्वला." त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण जे बाहेर आलं ते शब्द नव्हते. अंगाला हात लावला आणि काढून घेतला, इतकं तापलेलं. आणि घाम नव्हता. एक थेंब नाही. आमच्या धंद्यात एवढं कळतं. घाम येतोय तोवर माणूस आपला आहे, घाम थांबला की पळायचं.

मी त्यांना काखेत धरून उन्हातून मागे ओढलं, सावलीत आणलं, आणि दहाव्या माळ्याच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "पाणी! कोणी आहे का? पाणी आणा!"

दार उघडलं ते एका बाईंनी. पन्नाशीच्या, घरात घालायचा गाऊन, हातात फोन. त्यांनी आधी मला पाहिलं, मग भाऊंना.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा अजून इथेच आहे?"

"फोटो तुम्ही काढला का?"

"मला वाटलं झोपलाय. खोक्यावर डोकं ठेवून असा आरामात... आणि मी मनाशी म्हटलंसुद्धा, सावली सोडून उन्हात काय झोपलाय हा, वेडा आहे का?"

"बाई, पाणी."

त्या आत पळाल्या. मला वाटलं दार लावून घेतील. पण आल्या. एका हातात कूलरमधलं गार पाणी भरलेली बादली आणि दुसऱ्या हातात पलंगावरची चादर. चांगली, फुलाफुलांची. ती बुडवली आणि भाऊंवर टाकली. मग आपला गाऊन भिजतोय याची पर्वा न करता खाली बसून त्यांच्या डोक्यावर ओंजळीने पाणी घालत राहिल्या.

तेवढ्यात वरून पायांचा आवाज आला. एक उंच पोरगा, कानात वायर, अंगात दंड दाखवणारं बनियन. अकराव्या माळ्यावरचा ऋत्विक मुळमुले. तोच कस्टमर. थापांचा आवाज ऐकून खाली आला होता. त्याची नजर आधी खोक्यावर गेली.

"हे माझं..." तो म्हणाला आणि थांबला. मग हळू म्हणाला, "हे काय झालं?"

"तुमचे डंबेल," मी म्हटलं. "पोचतच होते. दीड माळा राहिला होता."

हे बोलायची वेळ नव्हती. पण मी बोलले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्याने कानातली वायर काढून खिशात कोंबली. "मी कंप्लेंट टाकली ना," म्हणाला. "डिलिव्हर्ड दाखवत होतं, आणि दारात कोणी नाही. मला वाटलं, नेहमीचंच."

"नंतर बोला. पाय धरता का?"

"कार आहे माझी खाली. लिफ्टनं नेऊ."

"लिफ्ट बंद आहे."

"आमची," तो म्हणाला. "आमच्या लिफ्टनं."

दहाव्या माळ्यावरून आम्ही तिघांनी भाऊंना ओल्या चादरीसकट आरशाच्या लिफ्टमध्ये घातलं. मी त्या सोसायटीत अधूनमधून येत असे, ती लिफ्ट आतून पहिल्यांदा पाहिली. सातव्या माळ्यावर दार उघडलं. कुत्र्याचा पट्टा धरून एक गृहस्थ उभे. त्यांनी आत पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "अरे ऋत्विक, सर्व्हिस लिफ्ट..."

"काका, दार सोडा," मुळमुले इतक्या मोठ्याने ओरडला की कुत्रं भुंकायला लागलं.

गाडीत एसी पूर्ण सोडून आम्ही मेडिकलकडे, सरकारी दवाखान्याकडे, निघालो. भाऊंचं डोकं माझ्या मांडीवर. बोरकुटे सरांचा फोन आला.

"मिळालं का पार्सल?"

"माणूस मिळाला, सर."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "जिवंत आहे ना?" त्यांनी विचारलं. एवढं तरी त्यांनी विचारलं. हबमध्ये दिवसभर तुमच्या शिव्या खाणारा तो माणूस, पण त्याच्या तोंडून ते आलं. मी म्हटलं, "आहे. जिन्यात पडले होते. मेडिकलला नेऊन राहिलो." ते म्हणाले, "ने, ने. मी वर सांगतो."

त्यांनी वर सांगितलं असणार, कारण लगेच वरून मला थेट फोन आला. गोड आवाजाची मुलगी होती. "मॅडम, आपण पार्सलच्या लोकेशनवर आहात का?" मी म्हटलं, "मी गाडीत आहे, तुमचा माणूस माझ्या मांडीवर आहे, त्याला शुद्ध नाही." ती म्हणाली, "ओके मॅडम. आणि पार्सलचं सील शाबूत आहे का? एक फोटो पाठवू शकाल?" मी फोन कट केला. मेडिकलच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत तो पुन्हा वाजला. तोच नंबर. "मॅडम, पार्सल सध्या कोणाच्या ताब्यात आहे?" मुळमुलेने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "माझ्या. माझ्या ताब्यात आहे. आता ठेवा."

भाऊ वाचले.

वाचले म्हणजे काय, तेही ऐका. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ अंग तापून राहिलं की त्याचा डोक्यावर परिणाम होतो. भाऊ आता चालताना भिंत धरतात. बोलतात, पण दारू प्यायल्यासारखे अडखळत, ज्या माणसाने आयुष्यात सुपारी खाल्ली नाही तो. गाडी चालवणं संपलं. घरच्यांनी विम्यासाठी अर्ज केला, तेव्हा तुम्ही त्या खोलीत बैठक भरवली आणि सांगितलं, डिलिव्हरी आधीच पूर्ण झालेली, हे कामावर असताना घडलेलं नाही. वर फसवणुकीची तक्रार असल्यामुळे त्यांची आयडी ब्लॉक. म्हणजे तुमच्या हिशेबी ते आजही डंबेल घेऊन पळालेले आहेत.

मी मुळमुलेकडे गेले. तो म्हणाला, "ताई, मी तेव्हाच कंप्लेंट मागे घ्यायला गेलो. त्यांनी पैसे परत टाकून टाकले आणि केस बंद केली. मागे घ्यायचं बटणच नाही त्यात. मेल केले, फोन केले. दर वेळी वेगळा माणूस, तो म्हणतो, सर, तुमची तक्रार सोडवली आहे, अजून काही मदत करू का?" ते खोकं त्याच्या दाराशी तसंच होतं, न फोडलेलं. "कोणी न्यायलाच आलं नाही," म्हणाला.

दहाव्या माळ्यावरच्या बाईंकडेही गेले. त्यांच्या फोटोत सगळं होतं, कुठे, केव्हा, खोकं डोक्याखाली, सील दिसतंय. मी म्हटलं, "तो फोटो मला द्या." त्यांनी मान खाली घातली. "मी काढून टाकला गं. त्याच संध्याकाळी. ग्रुपवरून पण, फोनमधून पण. मला बघवेना." मला राग आला. पण ज्या बाईने स्वतःची चादर भिजवून त्यांच्यावर टाकली, तिच्यावर ओरडायचं कसं? मी तशीच पायऱ्या उतरून खाली आले. जिन्यातूनच आले, मुद्दाम.

आणि उतरताना नवव्या-दहाव्याच्या मधे, त्या खिडकीपाशी, माझ्या खिशातला फोन वाजला. एकामागून एक, अडकून पडलेले सगळे मेसेज एकदम आले.

मी तिथेच थांबले.

मग दोन पायऱ्या खाली गेले, सावलीत. रेंज गेली. दोन पायऱ्या वर आले, खिडकीपाशी, उन्हात. रेंज आली. पुन्हा खाली. गेली. पुन्हा वर. आली.

बी विंगच्या जिन्यात रेंज कुठे येते, हे एमराल्ड पार्कला रोज येणाऱ्या माणसाला माहीत असणारच. मला नव्हतं, माझा तो रोजचा रस्ता नव्हता. निखाडे भाऊंचा होता.

मी तिथून थेट त्यांच्या घरी गेले. त्यांचा फोन कपाटात होता. आयडी ब्लॉक झाल्यापासून कोणी उघडला नव्हता. वहिनींनी चार्जिंगला लावून दिला. त्या दुपारी तुम्ही पाठवलेलं सगळं त्यात होतं. "तुम्ही बराच वेळ एकाच जागी थांबला आहात, कृपया पुढे निघा." मग तेच पुन्हा. मग तेच पुन्हा. आणि या सगळ्यांच्या आधी एक भाऊंकडून गेलेलं. त्यांनी मदतीचं लाल बटण दाबलं होतं. ट्रेनिंगमध्ये तुम्हीच शिकवलं होतं ना? अडचण आली तर बटण दाबा, सहकाऱ्याला फोन करून त्याचं काम अडवू नका. त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं. आणि तुमचं उत्तरही तिथंच होतं:

"ही डिलिव्हरी पूर्ण झाली आहे. या ऑर्डरसाठी मदत उपलब्ध नाही."

चक्कर यायला लागली तेव्हा ते सावलीत बसू शकले असते. पाठीमागे दोन पायऱ्यांवर सावली होती. ते रांगत उन्हात आले, कारण बटण उन्हात चालत होतं. तुमच्या त्या खोलीत तुम्ही म्हणालात, उन्हात झोपणारा माणूस शुद्धीत असेल का? होता. तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त शुद्धीत होता.

मी तो फोन घेऊन तुमच्या पायऱ्या चढले. तुमच्या माणसाने तो हातात घेतला नाही. प्रकरण बंद झालं आहे, म्हणाला.

अजूनही मी भाऊंकडे जाते. ते दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. मी गाडी लावली की उठायला बघतात, भिंत धरतात, आणि सीटवर टाकायला घरातून ओला बारदाना मागवतात. मग शब्द जुळवत जुळवत विचारतात, "ते... अकराव्याचं... पोचलं का?" मी म्हणते, "पोचलं भाऊ. शाबूत पोचलं." ते मान हलवतात आणि बसतात.

म्हणून आता माझं एकच विचारणं आहे, साहेब, आणि मला त्याचं उत्तर तुमच्याकडून पाहिजे, गोड आवाजाच्या मुलीकडून नको. पार्सल कुठे आहे, हे तुम्ही त्या दुपारी बोरकुटे सरांना विचारलंत. मला गाडीत विचारलंत. मेडिकलच्या दारात, स्ट्रेचरची वाट बघताना विचारलंत. वासुदेव निखाडे कुठे आहे, हे कोणालाच विचारलं नाहीत. विचारायची गरजच नव्हती, ठिपका तुमच्या समोर होता. त्याने हाक मारली तीही तुमच्यापर्यंत पोचली होती.

मग तो तुमच्या डोळ्यांसमोर पडलेला असताना, तुम्ही मला पार्सल आणायला का पाठवलंत?